काकवीच्या गोडीचा पम्पकिन पाय

पाय हा मैद्याच्या पातळ कवचात गोड किंवा तिखटमिठाचे सारण भरून भट्टीत भाजण्याचा युरोपीय प्रकार असून, पम्पकिन पाय हे त्याचे उत्तर अमेरिकेत रुजलेले रूप होय; त्यात शिजवून घोटलेल्या लाल भोपळ्यात अंडी, दूध किंवा साय, गरम मसाले आणि गोडी मिसळून ते मिश्रण कवचात ओततात आणि वरून न झाकता भाजतात. भाजताना अंड्यातील प्रथिने उष्णतेने आवळत जातात आणि ओतता येईल इतके पातळ मिश्रण खरवसासारखे थरथरते, पण सुरीने कापता येईल असे बसते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणात हा पदार्थ ठरलेला असतो. कॅनडातील तो दिवस नवरात्र ते दिवाळी या काळाच्या जवळपास पडत असल्याने तेथील मराठी घरांत फराळाच्या डब्यांशेजारी पाय दिसणे नवलाचे नाही, आणि अशा घरांतील पाहुणे दिवाळीला किंवा नाताळच्या सुट्टीत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या बाजूला आले की हा पदार्थ इथल्या स्वयंपाकघरात करून पाहण्याची इच्छा घरोघर उत्पन्न होते. प्रस्तुत लेखात सोनिवलीसारख्या, उल्हास नदीच्या दमट पट्ट्यातील वस्तीत उपलब्ध असणारे साहित्य, तेथील हवा आणि घरातील लहान भट्टी गृहीत धरून त्याची कृती दिली आहे.

मूळ कृतीत गोडीसाठी मेपल सिरप वापरण्याची पद्धत कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात विशेष आहे. मेपल सिरप हा शर्करा-मेपल या वृक्षाच्या खोडातून हिवाळा सरताना झिरपणारा रस आटवून केलेला पाक होय. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा ते वितळेल इतकी ऊब असे हवामान काही आठवडे लाभले, तरच हा रस वाहतो. त्यात साखरेचे प्रमाण सुमारे दोन टक्केच असते, त्यामुळे साधारण चाळीस लिटर रस आटवल्यावर एक लिटर पाक हाती येतो, आणि जगातील या पाकाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या क्वेबेक प्रांतातून येतो. तो मुळातच का महाग आहे, हे यावरून ध्यानात यावे. झाडाचा गोड रस आटवण्याची विद्या मात्र ठाणे-पालघरच्या माणसाला अपरिचित नाही. डहाणूच्या पट्ट्यात ताड आणि शिंदीच्या झाडांना मडकी लावून पहाटेपूर्वी उतरवलेली नीरा आटवली की ताडगूळ होतो, आणि नीरेत साखर दहा टक्क्यांहून अधिक असल्याने तिला मेपलच्या रसाच्या मानाने कितीतरी कमी आटवावे लागते. 2020 मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने डहाणू येथे नीरा आणि ताडगूळ यांच्या उत्पादनाचा प्रकल्प सुरू करून स्थानिक कारागिरांना त्याचे प्रशिक्षण आणि अवजारे दिली होती.

तथापि मेपल सिरपची जागा घेण्यास ताडगुळाहून अधिक योग्य असा पदार्थ म्हणजे काकवी. उसाचा रस गुऱ्हाळातील काहिलीत उकळत असताना, गुळाच्या ढेपेसाठी तो सुमारे 118 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्याआधी, म्हणजे 105 अंशांच्या आसपास उतरवून घेतलेला दाट, वाहता पाक म्हणजे काकवी. मेपलचा पाकही जवळजवळ याच बिंदूला, 104 अंशांवर उतरवतात. दोहोंत पाण्याचे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाइतके असल्यामुळे कृतीतील मेपलच्या जागी तेवढ्याच मापाची काकवी घेता येते आणि सारणाचा ओलावा बदलत नाही, जी सोय कोरडा गूळ किंवा साखर वापरताना मिळत नाही. फरक आहे तो दोन गोष्टींत. एक म्हणजे काकवीला उसाचा, किंचित खारट-आंबूस असा स्वतःचा ठसठशीत स्वाद असतो, त्यामुळे मसाले मेपलच्या कृतीपेक्षा थोडे सढळ टाकावे लागतात. दुसरे म्हणजे काकवीतील साखरेचा बराच भाग उकळताना फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांत रूपांतरित झालेला असतो, आणि या शर्करा लवकर करपतात व हवेतील पाणीही ओढून घेतात. म्हणून काकवीचा पाय मेपलच्या पायापेक्षा थोड्या मंद आचेवर भाजावा लागतो आणि त्याचे कवच ओलाव्यापासून अधिक जपावे लागते.

काकवी वापरणे म्हणजे अस्सल वस्तू परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असा समज होण्याचा संभव आहे. पण इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पहिले अमेरिकन लेखिकेचे पाकपुस्तक, अमेलिया सिमन्स यांचे 1796 मधील पुस्तक, कवचात भरायच्या भोपळ्याच्या सारणाच्या दोन कृती देते आणि त्यांतील दुसऱ्या कृतीत गोडीसाठी मोलॅसिस, म्हणजे उसाच्या रसापासून साखरेचे खडे काढून घेतल्यावर उरणारी मळी सांगितली आहे. उसाची गोडी आणि सुंठेचा वा आल्याचा तिखटपणा हे नाते अशा रीतीने या पदार्थात जुनेच आहे, आणि काकवी तर मळीहून सरस ठरते, कारण तिच्यातील साखर कोणी काढून घेतलेली नसते. भोपळ्याच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. अमेरिकेत डब्यात मिळणारा पायसाठीचा भोपळा मुख्यतः डिकिन्सन नावाच्या जातीचा असतो आणि ती जात कुकर्बिटा मोशाटा या प्रजातीतील आहे. आपल्याकडील लाल भोपळा, ज्याला तांबडा भोपळा किंवा डांगर असेही म्हणतात, तोही बहुतांशी त्याच प्रजातीचा. भोपळ्याचा हा वंश मुळात अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकानंतर सागरी व्यापाराच्या वाटेने तो इकडे आला. दारात कोरीव तोंडे करून ठेवतात तो नारिंगी भोपळा मात्र वेगळ्या प्रजातीचा, पाणचट आणि पायला निरुपयोगी असतो. चित्रे पाहून तसा भोपळा शोधत फिरणाऱ्यांनी भाजीवाल्याकडची फोड घेऊन घरी जावे, हे उत्तम.

फोड निवडताना गराचा रंग गडद केशरी आहे ना, गर दाट आणि कोरडा आहे ना, आणि बियांभोवतीची जाळी सुकी आहे ना, हे पाहावे. फिकट पिवळा, कापल्याबरोबर पाण्याचे थेंब फुटणारा भोपळा भाजीला चालतो, पायला नाही. पावसाळ्यात लावलेल्या वेलींचे भोपळे आश्विन-कार्तिकात पिकतात आणि साल टणक झालेला अख्खा भोपळा माळ्यावर महिनोन्महिने टिकतो. काढणीनंतर काही आठवडे ठेवलेल्या भोपळ्यात पिष्टाची साखर होत जाते, म्हणून नाताळात वापरलेला जुना भोपळा दिवाळीतल्या ताज्या भोपळ्यापेक्षा गोड लागतो. अख्खा भोपळा बायकांनी प्रथम फोडू नये, घरातील पुरुषाने सुरी लावून द्यावी, अशी रूढी अनेक मराठी घरांत आहे. तिचा धार्मिक अर्थ ज्याने त्याने ठरवावा, पण टणक साल फोडताना सुरी निसटून हात कापण्याचा धोका खराच असतो आणि तो कोणाच्याही हाताला सारखाच असतो, म्हणून भोपळा ओल्या फडक्यावर बसवून, देठाशेजारून जड सुरीने हळूहळू दाब देत तो दुभागावा.

या पदार्थाचे यश ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे पाण्याचा हिशेब. भोपळ्यात वजनाच्या सुमारे नऊ दशांश पाणी असते, काकवीत तिसरा हिस्सा असते, नारळाच्या दुधात निम्म्याहून अधिक असते, आणि हे सगळे पाणी एका कोरड्या, तुपाळ कवचावर ओतायचे असते. ज्यांनी घारगे केले आहेत त्यांना हा हिशेब निराळा शिकवावा लागत नाही: घारग्यांसाठी भोपळ्याचा कीस गुळाबरोबर शिजवताना वरून पाणी घालत नाहीत, कीस-गुळाला जेवढे पाणी सुटेल तेवढ्यातच मावेल इतके पीठ घालतात, आणि मिश्रण सैल राहिले तर घारगे तेल पितात. पायमध्ये पीठ घालून ओल शोषून घेण्याची मुभा नसते. म्हणून ती आधीच आटवून काढावी लागते, आणि बहुसंख्य फसलेल्या पायांचे मूळ या टप्प्यावरील घाईत सापडते.

सारणासाठी सव्वा किलो वजनाची फोड घ्यावी. बिया आणि जाळी काढून, साल तशीच ठेवून तिचे हाताएवढे तुकडे करावेत, साल खाली येईल असे ताटलीवर मांडावेत आणि 200 अंश सेल्सिअसवर तापलेल्या भट्टीत पाऊण तासापर्यंत, सुरीचे टोक विनासायास आरपार जाईपर्यंत भाजावेत. कुकरमध्ये शिजवणे सोपे असले तरी तिथे वाफेचे पाणी भोपळ्यात उतरते, तर भट्टीत उलट पाणी उडते आणि गराच्या कडा किंचित करपून स्वाद गडद होतो. कुकरच वापरायचा असेल तर तुकडे चाळणीत ठेवावेत, भोपळ्यात पाणी घालू नये आणि पुढील आटवणीला जास्त वेळ द्यावा. थंड झालेला गर सालीपासून चमच्याने सोडवून मिक्सरमधून एकजीव करावा आणि जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर, दुधीहलव्यासाठी कीस परततात तसा सतत हलवत आटवावा. चमचा तळाशी ओढला असता मागे पडलेली वाट क्षणभर उघडी राहते आणि गोळा कडा सोडू लागतो, तेव्हा आच बंद करावी. ही परीक्षा पुरेशी नाही असे वाटल्यास चमचाभर गर टिपकागदावर किंवा कोरड्या सुती फडक्यावर ठेवावा; मिनिटभराने भोवती पाण्याचे वलय उमटले तर अजून आटवण्यास वाव आहे. या क्रियेच्या अखेरीस साधारण 400 ग्रॅम दाट गर उरावा. तो अधिक उरल्यास बाजूला ठेवावा, पायात भरू नये.

कवचाला लागणारे साहित्य थोडे, पण हवेवर अवलंबून असते. 23 सेंटिमीटर व्यासाच्या उथळ भांड्यासाठी 180 ग्रॅम मैदा, 110 ग्रॅम थंडगार लोणी, पाव चमचा मीठ आणि 45 ते 55 मिलिलिटर बर्फाचे पाणी घ्यावे. मैद्याचा तिसरा भाग कणकेने बदलल्यास कवच चवीला खमंग होते, मात्र लाटताना कडा फाटतात. लोण्याचे बोराएवढे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरावेत आणि वाटाण्याएवढे खडे अंगी राहिलेले असतानाच थांबावे, कारण भाजताना हेच खडे वितळून त्यांच्यातील पाण्याची वाफ होते आणि मैद्याचे थर एकमेकांपासून सुटतात. लोण्याऐवजी साजूक तूप घ्यायचे झाल्यास 90 ग्रॅम पुरते, कारण तुपात पाणी नसते. मात्र त्याच कारणाने कवच पापुद्र्यांचे न होता नानकटाईच्या जातीचे, खुसखुशीत होते. हा दोष मानण्याचे कारण नाही, आणि काकवीच्या स्वादाशी तुपाचा वास लोण्याहून अधिक जुळतो, असेही म्हणता येईल. तूप आधी फ्रीजमध्ये घट्ट करून मग मैद्यात चोळावे.

दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या उष्म्यात, दुपारी बदलापूर परिसरातील स्वयंपाकघरात लोणी काही मिनिटांत मऊ पडते, आणि मऊ लोण्याने मळलेला गोळा लाटताना चिकटतो व भाजताना आकसतो. यावर उपाय साधे आहेत: मैदा आणि परात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, काम पहाटे उरकावे, गोळा सपाट करून फडक्यात गुंडाळून किमान एक तास थंड करावा आणि लाटताना तो ढिला पडू लागला की हट्ट न धरता पुन्हा दहा मिनिटे फ्रीजमध्ये सरकवावा. डिसेंबरात मुंबईहून थंड असणारी इथली पहाट या कामाला फारच अनुकूल असते. गोळा मळताना तो पोळीच्या कणकेसारखा तिंबू नये; तिंबल्याने मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे चिवट प्रथिनांचे जाळे, बळावते आणि कवच चामट होते. पाणी चमच्याचमच्याने घालून पीठ मुठीत दाबता गोळा होईल एवढे एकत्र आले की पुरे.

लाटलेली पोळी भांड्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर मोठी घेऊन ती ताणून न बसवता, सैल सोडून तळाशी आणि कडांना दाबावी, बाहेर आलेली कड आत दुमडून चिमटीने मुरड घालावी आणि भांडे पुन्हा अर्धा तास थंड करावे. करंजीला मुरड घालण्याचा हात ज्यांना आहे, त्यांची कड विकतच्या पायपेक्षा देखणी होते. त्यानंतर कवच रिकामेच भाजून घ्यायचे असते. याला रिकामी भाजणी म्हणता येईल: कवचावर बटर पेपर अंथरून त्यात पाऊण किलो राजमा, चवळी किंवा तांदूळ भरावा, जेणेकरून तळ फुगणार नाही आणि कडा घसरणार नाहीत, आणि 190 अंशांवर वीस मिनिटे भाजावे; मग कागद आणि धान्य काढून आणखी दहा मिनिटे, तळ कोरडा व फिकट बदामी होईपर्यंत भाजावे. शेवटच्या दोन मिनिटांत तळावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पातळ हात फिरवल्यास तो शिजून एक आवरण तयार होते आणि काकवीच्या सारणातील ओल लगेच आत उतरत नाही. जी मंडळी हा टप्पा वगळतात त्यांच्या पायचा तळ कच्च्या पोळीसारखा राहतो, आणि सारण कितीही चांगले साधले तरी तो झाकता येत नाही.

सारण जुळवताना 400 ग्रॅम आटवलेला गर, 150 मिलिलिटर काकवी, तीन अंडी, 180 मिलिलिटर नारळाचे दाट दूध आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर एकत्र करून त्यात एक चहाचा चमचा सुंठपूड, तेवढीच दालचिनीची पूड, पाव चमचा ताजे किसलेले जायफळ, दोन लवंगांची पूड आणि अर्धा चमचा मीठ घालावे. पाश्चात्त्य कृतीत नारळाच्या दुधाच्या जागी साय किंवा आटवलेले दूध असते, आणि ते वापरण्यास हरकत नाही. मात्र गुळाच्या वर्गातील कोणताही गोड पदार्थ किंचित आम्लधर्मी असल्याने तो उकळत्या दुधात पडला की दूध फाटते, हे खीर करणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. म्हणून दूध घ्यायचे तर ते थंडच घ्यावे आणि काकवी आधी गरात मिसळून मगच दूध ओतावे. नारळाच्या दुधाला ही भीती कमी असते, शिवाय नारळ, गूळ आणि भोपळा हा मेळ कोकणपट्टीच्या जिभेला सवयीचा आहे, त्यामुळे या लेखात त्यालाच पसंती दिली आहे. अंडी फेटून फेस आणू नये, कारण हवेचे बुडबुडे भाजताना वर येऊन पृष्ठभागावर खड्डे पाडतात. काट्याने मोडून घेतली की पुरे. मिश्रण एकदा गाळण्यातून काढल्यास भोपळ्याचे तंतू आणि अंड्यातील चिवट दोरे मागे राहतात आणि पोत रेशमी होतो.

काकवी न मिळाल्यास 140 ग्रॅम साधा गूळ 50 मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर विरघळवून, गाळून, पूर्ण थंड करून घ्यावा. गाळणे अनिवार्य समजावे, कारण ढेपेतील उसाची काडी किंवा खडा पायमध्ये दाताखाली आला तर वाढणाऱ्याची पंचाईत होते. चिकीचा गूळ टाळावा. ताडगूळही याच रीतीने वापरता येतो आणि त्याची धुरकट चव सुंठेबरोबर खुलते. ज्यांच्याकडे पाहुण्यांनी आणलेला खरा मेपल सिरप असेल त्यांनी तो काकवीच्याच मापाने वापरावा, पण बाटलीवरील घटकांची यादी वाचून त्यात मेपलव्यतिरिक्त काही नाही याची खात्री करावी, कारण पॅनकेक सिरप या नावाने विकला जाणारा पदार्थ बहुधा मक्याचा पाक आणि कृत्रिम स्वाद यांचे मिश्रण असते. मेपलच्या पाकाची विक्रीसाठी रंगानुसार सोनेरी ते अति गडद अशी प्रतवारी केलेली असते आणि भाजणीच्या पदार्थांसाठी गडद प्रतच घ्यावी, फिकट प्रतीचा नाजूक सुगंध मसाल्यांत आणि उष्णतेत हरवून जातो. मेपलच्या पायात लवंग पूर्णपणे वगळावी.

भाजणीसाठी भट्टी 170 अंशांवर आधीच तापवून घ्यावी, कवच गरम असतानाच त्यात सारण ओतावे आणि भांडे खालच्या कप्प्यात ठेवावे. घरगुती ओटीजीत, म्हणजे वर-खाली विजेच्या दांड्या असलेल्या पेटीवजा भट्टीत, वरची दांडी पदार्थाच्या फार जवळ येते आणि कडा वेळेआधी करपतात. तेव्हा वीस मिनिटांनंतर कडांवर अल्युमिनियम फॉइलची पट्टी चढवावी. गरम हवा फिरवणाऱ्या मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शनमध्ये तापमान 15 ते 20 अंशांनी कमी ठेवावे. बहुतेक लहान भट्ट्यांच्या फिरकीवरचा आकडा आणि आतील प्रत्यक्ष उष्णता यांत फरक असतो, म्हणून भट्टीत ठेवण्याचा थोड्या किमतीचा तापमापक घेणे हा या कामातील सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च होय. भट्टी लहान असून 18 सेंटिमीटरचेच भांडे मावत असेल तर सर्व प्रमाणे साठ टक्क्यांवर आणावीत.

पाय केव्हा झाला हे घड्याळावरून ठरवू नये. साधारण 45 ते 55 मिनिटांनी भांडे हलकेच हलवून पाहावे: कडेकडेचे सारण स्थिर आणि किंचित फुगलेले, तर मधला पेल्याच्या तोंडाएवढा भाग अजून थरथरणारा, पण पाण्यासारखा न हिंदकळणारा असा दिसला की भट्टी बंद करावी. मध्यभागी सुई-तापमापक खोचल्यास तो 80 अंशांच्या आसपास दाखवतो. मध्यभागही पूर्ण घट्ट होईपर्यंत वाट पाहणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. भट्टीबाहेर आल्यावरही आतील उष्णतेने सारण शिजत राहते, आणि 85 अंशांपलीकडे गेलेली अंड्याची प्रथिने इतकी आवळतात की त्यांच्यातील पाणी पिळून निघते, पृष्ठभागाला भेगा पडतात व कापल्यावर ताटलीत पाणी साचते. भट्टीचे दार अर्धवट उघडे ठेवून पाय दहा मिनिटे आतच राहू दिल्यास तो एकदम गार हवेत येत नाही आणि भेगा टळतात. पुढे तो जाळीवर दोन-तीन तास निवू द्यावा. गरम पाय कापणे म्हणजे सारणाचा लगदा करणे होय, मग घरातील मुलांनी कितीही घाई केली तरी.

ज्या घरात सणाच्या दिवशी अंडे चालत नाही, त्यांच्यासाठी निराळी रीत आहे आणि ती अंड्याच्या कृतीतून अंडी नुसती वगळून साधत नाही, कारण तेव्हा सारणाला बांधणारे काही उरतच नाही. अशा वेळी गर आणि काकवी तेवढीच ठेवून नारळाचे दूध 250 मिलिलिटर घ्यावे, त्यात 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंडपणीच कालवावे आणि हे मिश्रण कढईत सतत ढवळत, जाड बुडबुडे फुटू लागल्यावरही दोन मिनिटे शिजवावे. कॉर्नफ्लोअरचे कण उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच पूर्ण फुगतात, अर्धवट शिजवल्यास पिठूळ चव राहते. मग ते पूर्ण भाजलेल्या कवचात ओतून 170 अंशांवर वीस मिनिटे भाजावे आणि सहा तास फ्रीजमध्ये ठेवावे. तळावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाऐवजी वितळलेल्या तुपाचा हात द्यावा. हा पाय अंड्याच्या पायाइतका हलका होत नाही, थोडा शिऱ्या-खांडवीच्या बाजूला झुकतो, पण कापल्यावर उभा राहतो.

भट्टी नसलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही, कारण खालून-वरून आच देऊन भाजण्याची पद्धत कोकणात विजेच्या भट्टीच्या फार आधीपासून आहे. तवस, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस किंवा तवसाळी, तसेच चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतील तिखटमिठाचे भानोळे हे पदार्थ जाड पातेल्यात घालून, खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवून भाजत असत. पायचे कवच मात्र या रीतीने नीट साधत नाही, त्याला चारही बाजूंनी कोरडी उष्णता लागते. म्हणून भट्टी नसल्यास कवचाचा नाद सोडावा आणि सरळ धोंडस करावे: अर्धा किलो किसलेला लाल भोपळा, 200 ग्रॅम भाजलेला तांदळाचा रवा, 200 मिलिलिटर काकवी, वाटीभर ओले खोबरे, सुंठ, जायफळ, चिमूट मीठ आणि दोन मोठे चमचे तूप हे कढईत एकत्र वाफवून, घट्ट झाल्यावर तूप लावलेल्या जाड पातेल्यात थापावे आणि तव्यावर ठेवून, झाकणावर निखारे किंवा तापलेला दुसरा जड तवा ठेवून, मंद आचेवर तासभर भाजावे. हवे तर त्यालाच सुट्टीच्या जेवणातील मुख्य गोड पदार्थाचे स्थान द्यावे. तो पायहून कमी प्रतीचा आहे असे मानणाऱ्याने तो एकदा दुसऱ्या दिवशी शिळा खाऊन पाहावा.

पंगतीच्या आखणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. भोपळा आटवणे आणि कवचाचा गोळा मळणे ही कामे दोन दिवस आधी, भाजणी आदल्या संध्याकाळी आणि वाढप दुसऱ्या दिवशी असे वेळापत्रक ठेवल्यास सणाच्या सकाळी स्वयंपाकघर मोकळे राहते, आणि रात्रभर थंडावलेला पाय कापलाही स्वच्छ जातो. श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळीच्या जेवणावर पाय वाढू नये. दोन जड गोडांत दोघांचीही चव मारली जाते. साधे वरण-भात, अळूची पातळ भाजी, कोशिंबीर, एखादी तिखट उसळ आणि शेवटी पाय अशी मांडणी केल्यास सुंठ-जायफळाच्या गोडाला न्याय मिळतो. बरोबर घुसळलेली साय देण्याची पाश्चात्त्य रीत आहे, पण इथे घट्ट बांधलेला ताजा चक्का चमचाभर काकवी घालून फेटल्यास त्याचा आंबटपणा सारणाच्या गोडीला अधिक चांगला उतारा ठरतो. 23 सेंटिमीटरच्या पायाच्या आठ ते दहा फोडी होतात.

अंडे आणि दूध किंवा नारळाचे दूध असलेले सारण उष्ण हवेत लवकर बिघडते, म्हणून निवल्यानंतर पाय दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासाची समजावी. लोकलने नातेवाइकांकडे नेताना बर्फाच्या पिशवीची सोय करावी. फ्रीजमध्ये तो तीन-चार दिवस टिकतो, तरी कवचाची खुसखुशी दुसऱ्या दिवसानंतर ओसरत जाते, आणि फ्रीजमधून काढलेली फोड 150 अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवल्यास ती बरीचशी परत येते. आटवलेला भोपळा उरला असेल तर त्यात त्याच काकवीचा हात, चवीला मीठ आणि मावेल एवढी कणीक व तांदळाचे पीठ घालून त्याच संध्याकाळी घारगे तळावेत.